खोडाची सात कडवी

वकील अकरा वर्षांनी हा जिना चढला आणि पाचव्या पायरीवर अडखळला. ती पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे. घरातलं माणूस ती न बघता ओलांडतं. वर दारात उभ्या असलेल्या थोरलीनं ते पाहिलं. रागावून गेलेला धाकटा दीर परत आला, आनंद व्हायला हवा होता. पण तो काय घ्यायला आलाय हे तिला ठाऊक होतं, आणि ते त्याला मिळायचं नाही, हेही तिला ठाऊक होतं. या घरात बोलू शकणाऱ्या माणसांत तिला एकटीलाच.

"या भाऊजी."

"वहिनी, किती बारीक झालात."

"तुम्ही जाड झालात. घराचं वजन तेवढंच राहिलं."

तो हसला, आणि आपण इथं हसायला आलेलो नाही हे आठवल्यासारखा मध्येच थांबला. "दादा कुठंय?"

"अम्मांच्या खोलीत. सकाळपासून खुर्ची हलवू देत नाहीत."

खाली बाइंडिंगचा कारखाना तीन आठवडे बंद होता. तीन आठवड्यांपूर्वी बाइंडर, म्हणजे वकिलाचा दादा आणि थोरलीचा नवरा, कटिंग मशीनपाशी उभ्याउभ्या कलंडला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. सगळ्या भाषेतून त्याच्यापाशी एकच शब्द उरला होता, 'तेच'. चहा हवा का? तेच. दुखतंय का? तेच. सुरुवातीला थोरली त्या एका शब्दाचे पन्नास अर्थ लावत बसायची. आता तिनं तो नाद सोडला होता. आणि अम्मा, तिची सासू, दोन महिने अंथरुणाला खिळलेली. काल डॉक्टर जिन्यात थांबून म्हणाले होते की आता आठवडे मोजू नका, दिवस मोजा. अम्मानं ते ऐकलं नसणार, पण तिला कळलं असणार. तिनं मुलीला, आपाला, बोलावून एकच गोष्ट मागितली. कसीदा एकदा अख्खा कानावर पडू दे.

या घराण्याची खरी दौलत म्हणजे तो कसीदा. बाइंडरच्या पणजोबांनी रचलेला. तेही बाइंडरच. बांधायला आलेल्या पुस्तकांतून स्वतःच्या हिमतीवर अरबी शिकलेला तो माणूस, त्यानं नबींच्या, म्हणजे पैगंबरांच्या, स्तुतीची दोन-दोन ओळींची एकशे तीन कडवी जुळवली आणि एकही कागदावर उतरवलं नाही. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवणारा हा गृहस्थ म्हणायचा, लिहिलेलं फळीवर जातं आणि माणसं मोकळी होतात. तोंडात असलं की माणसांना एकत्र यावं लागतं. म्हणून प्रत्येक पिढीत तो कसीदा मुलांमध्ये वाटून द्यायचा. या पिढीत आपाकडे एकतीस कडवी आली, नबींच्या शहराची ओढ आणि तिथवरचा प्रवास. थोरल्या मुलाकडे मधली त्रेचाळीस, खुद्द स्तुतीची. वकिलाकडे शेवटची एकोणतीस, कयामतीला, हिशेबाच्या दिवशी आमचा हात धरा म्हणून केलेली विनवणी. वर्षातून एकदा तिघांनी बसायचं आणि तुकडे सांधायचे. कल्पना मोठी देखणी होती. माणसं आजारी पडतात, भांडतात आणि मरतात, एवढंच तिच्यात धरायचं राहून गेलं होतं.

आणि ती ठेव रक्ताची. कसीदा सुरू झाला की सुनांनी खाली कारखान्यात जाऊन बसायचं, हे थोरलीला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं गेलं. ती अडतीस वर्षं बिनबोभाट जात होती. खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा अभिमानही होता. वकिलाची बायको तोंड वाकडं करायची, थोरली करत नसे.

स्वयंपाकघरात आपा चहा गाळत होती. शाळेतून निवृत्त होऊन तिला सहा वर्षं झाली होती, पण अजून ती समोर चाळीस पोरं बसल्यासारखी बोलायची. भावाला पाहून तिनं गाळणं खाली ठेवलं.

"केस गेले तुझे."

"तुझे आहेत का, ते डोक्यावरून पदर काढलास तर कळेल."

एवढ्यावर अकरा वर्षांचा अबोला सुटला. आपानं डोळे पुसले, मग रागानं नाकही पुसलं. "ऐक. वाचा शिकवणाऱ्या बाई येतात ना दादाला, त्यांनी सांगितलंय. बोलणं गेलं तरी लहानपणी पाठ केलेलं कधीकधी अख्खंच्या अख्खं बाहेर येतं. ओघ लागला पाहिजे. मी माझी एकतीस म्हणेन, म्हणता म्हणता त्याच्या हातात देईन. तो पकडेल."

"आणि नाही पकडलं तर?"

"अशुभ बोलू नकोस."

वकिलानं खिशातून मोबाइल काढून ओट्यावर ठेवला. "मी आज रेकॉर्ड करणार आहे. कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. मला पुन्हा जिन्यावरून सामान वेचायचं नाही."

थोरलीचा हात कपावर थबकला. आपा मात्र लगेच म्हणाली, "कर. तेव्हा मी दादाच्या बाजूनं उभी राहिले, तो माझा गाढवपणा."

"आणि अब्बांनी घातलेली शपथ? कागदावर नाही, यंत्रात नाही?"

"अब्बांना मी वर गेल्यावर उत्तर देईन. तू बरोबर होतास. त्या दिवशी त्यानं ऐकलं असतं तर आज अम्माला नुसतं बटण दाबून ऐकवलं असतं. हट्टी माणूस. सगळ्यांचं वाटोळं केलं त्या हट्टानं." मग ती थोरलीकडे वळली. "वहिनी, तूही तेव्हा त्याला एका शब्दानं समजावलं नाहीस."

"माझं कोण ऐकतं," थोरली म्हणाली. खोटं बोलायला फार शब्द लागत नाहीत.

बारा वर्षांपूर्वी एका सकाळी बाइंडर हाताला खळ लागलेली तशीच घेऊन वर आला होता. "खोडाची कडवी गेली," म्हणाला. सात कडवी, त्याच्या त्रेचाळीसांतली. कथा तिला माहीत होती, ती सगळ्यांनाच माहीत असते: मिंबर, म्हणजे मशिदीतला प्रवचनाचा उंच ओटा, नव्हतं तेव्हा नबी खजुराच्या एका वाळक्या खोडाला टेकून बोलायचे, मिंबर तयार झालं, ते तिकडे गेले, आणि ते खोड विरहानं रडायला लागलं. सगळ्या मशिदीला ऐकू जाईल एवढं. मग नबी खाली उतरले, त्याच्यावर हात ठेवला, तेव्हा ते हुंदके देत शांत झालं. बाइंडरला कथा आठवत होती, शब्द गेले होते. अरबी त्याला कळत नव्हतंच. कुराण वाचता येण्यापुरतंच या सगळ्यांचं अरबी. पाठांतराच्या दोरीवर ओवलेलं सगळं, आणि दोरी मध्येच तुटली होती. विचारणार कोणाला? ज्याचं त्याच्यापाशी. अब्बा तर जाऊन पाच वर्षं झाली होती.

त्या वर्षी त्यानं सात कडवी गाळून म्हटलं. सगळ्या कसीद्याच्या प्रत्येक कडव्याचा शेवट एकाच नादात, नूनवर, म्हणजे अरबीतल्या 'न'वर. सहावं गेलं काय नि सोळावं गेलं काय, कानाला खड्डा लागत नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही. बाइंडरच तो, एखादा फर्मा, पानांचा शिवायचा गठ्ठा, राहून गेला तरी पाठ नीट चिकटवली की पुस्तक बाहेरून शहाणंच दिसतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. पण पुढच्या वर्षी वकील रेकॉर्डर घेऊन आला आणि म्हणाला की एकदा सगळी कडवी नीट मोजून घेऊ. बाइंडरनं तो रेकॉर्डर उचलला आणि जिन्यावरून खाली फेकला. अब्बांच्या शपथेच्या नावानं तो इतका ओरडला की शेजारी गोळा झाले. सगळ्यांना त्यात निष्ठा दिसली. थोरलीला एकटीला माहीत होतं की तिचा नवरा घाबरलाय.

आणि आता, अल्ला माफ करो, आजार आला तेव्हा तिच्या मनाच्या एका कोपऱ्याला हायसं वाटलं होतं. आता सगळे म्हणतील, आजारानं नेलं. त्याची अब्रू राहील. नवरा हॉस्पिटलात पडलेला असताना तिला असं वाटलं, याची तिला अजून लाज वाटत होती.

अम्माच्या खोलीत सगळे जमले. अम्मा उशीवर इतकी लहान दिसत होती की पांघरुणाखाली कोणी आहे हे शोधावं लागे. बाइंडरनं धाकट्या भावाला पाहिलं. त्याचा डावा हात उचलला गेला. "तेच," तो म्हणाला. "तेच, तेच."

वकिलानं वाकून त्याचं डोकं छातीशी धरलं. "असू दे दादा. झालं गेलं."

थोरली सवयीनं दाराकडे निघाली. बाइंडरनं तिचा पदर पकडला. तिनं सोडवायचा प्रयत्न केला, तो सोडेना.

"राहू दे आज तिला," आपा म्हणाली. "त्याला आधार वाटतोय."

अशी थोरली अडतीस वर्षांत पहिल्यांदा तिथं बसली, खुर्चीशेजारी, जमिनीवर.

आपानं सुरुवात केली. मास्तरणीचा आवाज दोन कडव्यांतच कुठल्या कुठे गेला आणि आतून एक मुलगी निघाली, वडिलांसमोर मांडी घालून बसलेली. थोरलीला शब्द कळत नव्हते, पण त्या नूनवर येऊन दर वेळी श्वास टेकत होता, ते कळत होतं. तिसाव्याला आपानं भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. एकतिसावं संपलं आणि ती गप्प झाली.

काहीच झालं नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. आपाचे ओठ दाबले गेले.

आणि बाइंडर म्हणू लागला.

आवाज जड होता, कडेनं थोडा फाटलेला, पण शब्द स्वच्छ होते. ज्या तोंडातून तीन आठवडे 'तेच'पलीकडे काही आलं नव्हतं, त्यातून कडव्यामागून कडवं येत होतं. आपानं दोन्ही हात तोंडावर घेतले. वकिलाच्या एका हातात मोबाइल होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. तो मोजत होता. थोरलीनं ते पाहिलं आणि तिचा जीव टांगणीला लागला. चुका हो, ती मनात नवऱ्याला म्हणत होती, अडखळा कुठंतरी, थांबा, खोका. तो अडखळला नाही. तो सुरेख, सरळ शेवटापर्यंत गेला आणि हसला. अर्धं तोंड हसलं.

"दादा!" आपा त्याच्या पाया पडल्यासारखी वाकली. "आलं की रे सगळं!"

वकिलाचा अंगठा अजून पेरावरच होता. "छत्तीस," तो म्हणाला.

"काय?"

"छत्तीस झाली. खोडाची राहिली. दादा, पुन्हा म्हणशील? मधलं?"

आपानं आपलं एकतिसावं कडवं पुन्हा लावून दिलं. बाइंडरनं पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच, पाण्यासारखं, आणि खोड नव्हतं.

वकिलानं मोबाइल खाली केला. कोर्टात तो कसा दिसत असेल ते थोरलीला त्या क्षणी कळलं. "आजारानं गेलं असतं तर तो तिथं चाचपडला असता," तो हळू म्हणाला. "इथं सांधा गुळगुळीत आहे. दोन्ही वेळा तोच. हा सांधा घरी बसून घोटलेला आहे. वहिनी, किती वर्षं झाली याला?"

"मला काय विचारता? मी खाली असते."

"वहिनी."

बाइंडरची बोटं तिच्या पदरावर आवळली. तिनं वर पाहिलं. तो मान हलवत नव्हता, हो नाही की नाही नाही. नुसता तिच्याकडे बघत होता. पन्नास अर्थ लावायची सवय तिची, पण त्या नजरेचा एकच अर्थ होता, सांगू नकोस, आणि ते ऐकायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"बारा," ती म्हणाली.

वकील भिंतीला टेकून खाली बसला. "म्हणजे रेकॉर्डर फेकला तेव्हा..."

"तेव्हा गेलेलीच होती."

"मी याला अकरा वर्षं अडाणी म्हणालो. लोकांना सांगितलं, माझ्या भावाला यंत्राची भीती वाटते. याला माझी भीती वाटत होती? दादा, मला सांगायचं होतंस ना रे. मी काय तुला कोर्टात उभा केला असता?"

आपा हसली. ते हसणं ऐकवेना. "आणि मी? मी या धाकट्याच्या मुलीच्या लग्नाला गेले नाही. सख्खी आत्या असून. अब्बांची शपथ मोडणाऱ्याच्या दारात पाय ठेवायचा नाही म्हणून. कसली शपथ? दादा, बोल! बोल ना आता!"

"तेच," बाइंडर म्हणाला, आणि त्याचं तोंड वाकडं झालं, आणि तो रडायला लागला. "तेच... तेच..."

"त्यांना नका बोलू," थोरली म्हणाली. "मला बोला. मी लपवलं."

"तुला बरं सांगितलं त्यानं."

"मला सांगून काही बिघडत नव्हतं, आपा. मी मोजण्यात कुठं होते?"

भांडणाला जोर राहिला नाही, कारण भांडून सात कडवी परत येणार नव्हती. वकिलानं डोळे पुसले. "कोणाला काही आठवतंय? एखादी ओळ? आपा, तू पन्नास वेळा तरी ऐकलंस."

"दुसऱ्याचं चालू असताना मनात दुरूद, नबींसाठीची दुआ, म्हणायचं, असं अब्बांनीच लावलं होतं. आपलं आपल्यापाशी, दुसऱ्याच्यात लक्ष नको, म्हणायचे." तरी तिनं डोळे मिटले. "सुरुवातीची अर्धी ओळ..." तिनं चार-पाच शब्द चाचपडत म्हटले.

"तसं नाही ते," अम्मा म्हणाली.

सगळे वळले. अम्मानं डोळे उघडले नव्हते. ओठ मात्र हलत होते. तिनं ती ओळ म्हटली, पूर्ण, आणि तिच्या जोडीची दुसरी, आणि नूनवर श्वास टेकवला.

"अम्मा?" वकील गुडघ्यांवर सरकत पलंगापाशी गेला. "तुला येतं?"

"सगळं येत होतं," अम्मा म्हणाली. "एकशे तीन. दाराआड उभी राहायचे. तुझे आजोबा म्हणायचे तेव्हापासून."

"मग बारा वर्षांपूर्वी..."

"कळलं मला. खोड रडलं नाही त्या वर्षी. म्हटलं, आठवेल त्याला."

"बोलली का नाहीस?"

"चोरून ऐकलेलं बोलायचं कसं? कोणी विचारलं असतं तर दिलं असतं. कोणी विचारलं नाही."

वकिलानं मोबाइल तिच्या तोंडाशी धरला. आपानं खालून त्याचा हात धरून ठेवला. "म्हण अम्मा. पुढचं म्हण."

अम्मानं दुसरं कडवं म्हटलं. आवाज कसला, नुसता वारा. तिसऱ्याची पहिली ओळ म्हटली. मग दुसरी सुरू केली आणि ती कुठल्यातरी भलत्याच वाटेला लागली. आपानं ओळखलं, ती तिच्या एकतिसांतली ओळ होती, प्रवासाची. शेवट तोच असल्यानं बेमालूम बसली. अम्मा थांबली. मागे आली. पुन्हा पहिली ओळ म्हटली, पुन्हा तिकडेच गेली. तिसऱ्यांदा तिनं सुरुवातच केली नाही.

"आजारी पडेपर्यंत होतं," ती म्हणाली. "रोज मनात म्हणायचे."

बाइंडर आईकडे बघत होता. बारा वर्षं तो ज्या कडव्यांसाठी कारखान्यात दार लावून कपाळ बडवत बसला, ती एका भिंतीपलीकडे या म्हातारीच्या तोंडात होती. त्याला ते कळलं हे थोरलीला दिसलं. तिला वाटलं, याला हेही कळायला नको होतं. आजारानं आणखी थोडं नेलं असतं तर बरं झालं असतं.

"थांबलात का?" अम्मानं विचारलं. "पुढचं सूनबाई म्हणेल."

"कोण?" आपा म्हणाली.

"ही. थोरली." अम्माचा हात पांघरुणातून बाहेर आला आणि तिला शोधू लागला. "म्हण ग. आता लाजू नको. मी कोणाला सांगत नाही."

वकील झटक्यात वळला. मोबाइल तिच्यासमोर आला. आपा तिच्याकडे अशी बघत होती, जशी या घरात तिच्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. नवराही बघत होता. अडतीस वर्षांत पहिल्यांदा या घराचं सगळं तिच्या तोंडात होतं, आणि तोंड कोरडं होतं.

"मला येत नाही, अम्मा."

"असं कसं? दाराआड असायचीस ना?"

"खाली असायचे. कारखान्यात."

"दर वेळी?"

"दर वेळी. तुम्हीच सांगितलं होतंत ना. पहिल्या वर्षी. सुनांनी खाली जायचं."

अम्मानं आता डोळे उघडले. तिनं सुनेकडे नीट, बराच वेळ पाहिलं, कोणीतरी अनोळखी बाई घरात आलीय तसं.

"मला माझ्या सासूनं सांगितलं होतं, म्हणून मी तुला सांगितलं," ती म्हणाली. "तू खरंच जायचीस?"